पाणी मुरतं तिथे

लाउरीची गाडी पहिल्यांदा आली तेव्हा तक्रार एवढीच,
डावा इंडिकेटर दिला की मागचा वायपर फिरतो.
मी हसले. तीही.

दुसऱ्यांदा आली ती टो होऊन.
रात्री तीनला हॉर्न आपोआप सुरू झाला,
अख्खी गल्ली खिडक्यांत,
आणि ती गाउनवर रेनकोट घालून
पान्याने बॅटरीची तार सोडवतेय.
नर्स आहे ती. डोंगरातल्या घराघरांत जाते.
तिची गाडी बंद पडली
की वर कुणाची तरी सुई चुकते.

पोर्थमाडोगच्या शोरूमने मॉड्यूल बदललं होतं.
सहा आठवड्यांनी पुन्हा बदललं.
बिलं बघून मी म्हणाले, तिच्यासमोरच,
यांच्याकडे कुठेतरी पाणी मुरतंय.

ब्लायनायमध्ये पाऊस ही बातमी नसते.
जोराचा आला तर म्हणतात,
म्हाताऱ्या आणि काठ्या पडतायत.
त्या दिवशी म्हाताऱ्या घरी होत्या, नुसत्या काठ्या.

एकेक फ्यूज काढत गेले, मीटरवर डोळा ठेवून.
चौदावा काढला, गळती थांबली.
विजेची.
पाण्याची अजून सापडायची होती.

ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचललं,
खालचा फोम पिळला, भांडंभर निघालं.
पण जिथे ओल तिथे भोक नसतं
हे गेथिनला मी दर हिवाळ्यात नव्याने शिकवते.
पाणी चालत येतं. पत्र्याच्या घडीतून, तारेच्या अंगाने,
कधी तारेच्या सालीच्या आतून,
चढसुद्धा चढतं,
वातीत तेल चढतं तसं.

कनेक्टर उघडला. तांबं कळकलेलं,
चिमूटभर हिरवी भुकटी,
आणि तिच्यातून दोन पिना एकमेकींशी बोलत होत्या
ज्यांची ओळख कुणी करून दिली नव्हती.

मग टाल्कम पावडर.
गेथिन बाहेर नळी धरून,
मी आत, डोकं पेडलपाशी, पाय सीटवर, टॉर्च दातांत.
खालून सुरू कर, मी ओरडले, हळूहळू वर.
घाई केलीस तर सगळीकडूनच येतंय असं वाटेल.
दार कोरडं.
बॉनेटमागची पन्हाळ कोरडी.
काचेची खालची कड कोरडी.
मान आखडली. टॉर्चला लाळ लागली.
वीस मिनिटांनी पांढऱ्यावर एक रेघ उमटली,
केसाएवढी.

ती उलटी वाचत गेले,
खांबाचं प्लास्टिक काढून, वर, आणखी वर,
पुढच्या काचेच्या कोपऱ्यापर्यंत.
तिथे काळ्या गोंदाची धार
नखाएवढी तुटलेली.

काच कुणी बसवली
हे वहीत बघायची गरज नव्हती.
बघितलं.
दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर, शुक्रवार, अक्षर माझं.
हात थांबून पुन्हा सुरू केला होता मी, त्या कोपऱ्यात.
फोन आला असेल. बोटं गारठली असतील.
आठवत नाही,
तेच टोचतं.

सापडलं का, मेरेरिड? बंद करू नळी?
राहू दे चालू, म्हणाले.
एकेक थेंब नेमका त्या फटीशी येऊन
क्षणभर थांबत होता
आणि मग आत.

लाउरीला फोन केला. काच मी बसवली होती, म्हणाले.
पलीकडे किटली शिट्टी घालत होती,
ती बंद झाल्याचं ऐकू आलं.
मग ती म्हणाली, उद्या आठला मिळेल?
मिसेस प्रीसचं ड्रेसिंग आहे.
त्या दोन मॉड्यूलचे पैसे कुणाचे
हे तिने काढलं नाही.
मीही नाही, त्या फोनवर.

रात्री काच पुन्हा बसवली, फोन बाहेर ठेवून.
नवी तार ओढताना कनेक्टरच्या आधी तिला
खाली लोंबता झोल दिला,
आलंच पाणी तर तिथून टपकावं.
नोव्हेंबरच्या त्या ओळीपुढे वहीत थोडी जागा होती.
लिहिलं, इथून गळतं.
तारीख घातली.
खाली दोन्ही बिलांची बेरीज.